तिसऱ्या शनिवारची पिशवी

माझी पाण्याची बाटली स्टीलची आहे, निळ्या झाकणाची. रोज सकाळी सानपाड्याच्या घरी मी ती भरते, स्कूटरच्या डिकीत टाकते आणि उलव्याच्या शाळेत माझ्या टेबलावर नेऊन ठेवते. कित्येक वर्षं ती संध्याकाळी भरलेलीच परत यायची. नवरा म्हणायचा, "हिला रोज फिरवून आणतेस की काय?" त्याला काय सांगणार कपाळ! शाळेत पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. त्यासाठी केबिनमधून उठावं लागतं आणि केबिनच्या दाराशी कायम कोणीतरी उभं असतं. एखादा पालक असतो, नाहीतर व्हॅनवाला, नाहीतर 'मॅडम, एकच मिनिट' म्हणून अर्धा तास खाणारा आमचाच एखादा शिक्षक. त्यापेक्षा तहान मारलेली परवडली, असं आम्ही ठरवून टाकतो. शाळा चालवणाऱ्या ज्या ज्या बायका मला माहीत आहेत, त्या सगळ्या हेच करतात आणि वर मिरवतात, मला बाई दिवसभर उठायलाच होत नाही म्हणून. पर्समध्ये मात्र युरीन इन्फेक्शनच्या गोळ्या असतात.

हे सगळं बदललं ते आपामुळे. आपा एका उर्दू शाळेची मुख्याध्यापिका, माझ्याहून बरीच मोठी, मूळची रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावातली. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी आमच्या भागातल्या मुख्याध्यापकांची सभा असते, तिथे आमची ओळख झाली. तिथेच तिसरीही भेटली. ती महापालिकेच्या शाळेची मुख्याध्यापिका, करावे गावची, मासेमारी करणाऱ्या घरातली. तिचा आवाज असा की सभेत माइक लागत नाही. आम्ही तिघी मागच्या ओळीत बसायचो आणि परिपत्रकं वाचून दाखवली जात असताना खुणांनी बोलायचो. आमच्या वर्गात कोणी असं केलं असतं, तर आम्ही त्याला उभं केलं असतं.

एका सभेला आपा आली नाही. कळलं की शाळेत निकालाच्या दिवशी पालकांशी बोलता बोलता तिला भोवळ आली आणि ती खुर्चीतून घसरली. पुढच्या महिन्यात आली ती उतरलेला चेहरा घेऊन. म्हणाली, "डॉक्टरने विचारलं, दिवसात काम न करता कधी बसता? मी म्हटलं, नमाजाला बसते. तर म्हणतो, त्यावेळी फोन कुठे असतो? मी म्हटलं, बाजूला."

करावेवाली तिथल्या तिथे म्हणाली, "चला माझे घरी. पडवीत बसू. भाकरी खाऊ."

तिचं घर खाडीपासून जवळ आहे. पडवीतून वाळत घातलेली जाळी दिसतात आणि जाळ्यांच्या मागे सीवूड्सचे टॉवर. पहिल्या खेपेला आम्ही तिघी तिथे बसलो खऱ्या, पण एकमेकींशी एक अक्षर बोललो नाही. मी फोनवर एका पालकाला गणवेशाचं समजावत होते, आपा अंगणात फिरत कोणाला तरी झापत होती आणि करावेवालीच्या कानाला फोन आणि हातात भाकरीचा तुकडा. जवळ्याची चटणी तशीच राहिली. तिची आई सगळं बघत होती. शेवटी ताटं उचलताना म्हणाली, "तुमी जेवाया आल्याव का हाफिसान?"

पुढच्या वेळी आपा घरून एक पिशवी शिवून घेऊन आली. जुन्या ओढणीची, आतून अस्तर लावलेली, तोंडाला नाडी. पडवीत बसल्याबरोबर तिने ती उघडी धरली आणि म्हणाली, "टाका." आम्ही फोन बंद करून टाकले. तिने नाडी ओढली, गाठ मारली आणि पिशवी खुंटीला लावली. एक तास. त्या तासात काय वाट्टेल ते झालं तरी गाठ सुटायची नाही. दुसरा नियम असा की प्रत्येकीने आपली बाटली तिथे संपवायची. आपा अजूनही भेटल्यावर 'कशी आहेस' असं विचारत नाही. ती म्हणते, "पाणी प्यायलीस का?" आणि बाटली हातात घेऊन हलवून बघते.

मला तो तास फार आवडतो, हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं आम्ही शाळेच्या नावाने यथेच्छ बोटं मोडतो. मग आपोआपच विषय संपतो. करावेवाली कोलंबीचं आंबट वाढते, आपा तांदळाची सांदणं आणते आणि माझ्या पोळी-भाजीच्या डब्याला दोघी मिळून 'आजाऱ्याचा डबा' म्हणतात. मी साताऱ्याकडची. मासे खायला शिकले ते त्याच पडवीत, काटे काढत आणि शिव्या खात. तिथे मी कोणाची मॅडम नसते. घरी जाताना पाठीचा ताठा गेलेला असतो आणि सोमवारी शाळेत मुलांवर ओरडायला निदान दुपार उजाडते.

आता माझ्या शाळेचं सांगते. शाळा एका संस्थेची, विनाअनुदानित. उलव्यात इमारती वाढत गेल्या तशी शाळाही वाढत गेली. दर जूनमध्ये वर्ग कमी पडतात. आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा संस्थेने मला बसवलं, पण 'प्रभारी' म्हणून. प्रभारी म्हणजे काम सगळं आणि खुर्ची उसनी. केबिनच्या पाटीवरही माझ्या पदाआधी तो शब्द रंगवलेला आहे, ठळक. मला कायम करायचं की बाहेरून कोणी आणायचं, हे संस्थेच्या कार्यकारिणीच्या बैठकीत ठरणार होतं. मला ती खुर्ची हवी होती. उगाच 'मला कशाचीच अपेक्षा नाही' वगैरे मी म्हणणार नाही. ती शाळा मी उभी राहताना पाहिली आहे, तिच्यासाठी घसा बसवला आहे, आणि ती दुसऱ्या कोणाच्या हातात गेलेली मला सोसली नसती.

बैठकीच्या आधीच्या तिसऱ्या शनिवारी ती गोष्ट घडली. सभा संपली, आम्ही करावेला गेलो, फोन पिशवीत गेले. त्या दिवशी खाडीत रोहित पक्षी आले होते आणि करावेवालीची आई त्यांना नावं ठेवत होती, यांना बघायला लोक येतात आणि आमच्या वाटेत गाड्या लावतात म्हणून. आम्ही पोट धरून हसलो. तास संपला, आपाने गाठ सोडली, मी फोन चालू केला. तो थांबेचना. एकामागून एक मिस्ड कॉल येत राहिले. संस्थेचे सचिव, पालक प्रतिनिधी, परत सचिव, परत सचिव, आमच्या शाळेतलीच दोन-तीन माणसं.

पालकांचा ग्रुप उघडला तर वर मेसेज, 'दुसरीतली मुलगी शाळेतून घरी आलीच नाही, मॅडमचा फोन बंद आहे.' मी पडवीच्या पायरीवर बसले. आपाने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "पुढे वाच."

पुढे आमच्या पर्यवेक्षिकेचा मला वेगळा मेसेज होता. पर्यवेक्षिका म्हणजे माझ्या हाताखालची, वयाने लहान, स्वभावाने इतकी भिडस्त की नोटीस बोर्डावर कागद लावायचा असला तरी 'मॅडम, लावू का?' म्हणून विचारायला येणार. तिने लिहिलं होतं, 'मुलगी व्हॅनमध्ये मागच्या सीटवर झोपली होती. मी स्वतः रिक्षाने जाऊन तिला आईकडे सोडून आले. ग्रुपवर कळवलं आहे. तुम्ही जेवा.'

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. नंतर कळलं, ड्रायव्हरने न बघता व्हॅन लावून टाकली होती. तिने त्याला फोन केला, गाडी कुठे आहे ते विचारलं, धावत जाऊन दार उघडायला लावलं आणि लेकराला कडेवर घेऊन आईच्या दारात नेलं. मला विचारायचं तर फोन बंद, म्हणून तिने कोणालाच विचारलं नाही. सरळ उठली आणि करून मोकळी झाली. मी तिथून निघाले ती थेट त्या मुलीच्या घरी गेले. आई रडून रडून दमलेली, पण मुलगी मजेत होती. मला म्हणाली, "टीचर, तुमी पन आल्या?" सोमवारपासून प्रत्येक व्हॅनच्या सगळ्या सीट बघितल्याशिवाय ड्रायव्हरची सही घ्यायची नाही, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

सोमवारी सचिवांनी बोलावलं. माणूस वाईट नाही. शाळेसाठी त्यांनी पुष्कळ खस्ता खाल्ल्या आहेत. पण शनिवारी ते एका लग्नात होते, तिथे चार लोकांसमोर एका पालकाने त्यांना फोन करून सुनावलं आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं. राग मूल हरवल्याचा नव्हता, कारण तोवर ते सापडलं होतं. राग होता मी फोन न उचलल्याचा.

"कुठे होता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"जेवत होते."

"फोन बंद करून?"

"हो."

त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा मॅडम, बैठक तोंडावर आलीय. मला उगाच टेन्शन नको, तुम्हालाही नको. दोन ओळींचा खुलासा द्या. सभा लांबली, फोन सायलेंटवर राहिला. विषय संपला. आणि यापुढे फोन चोवीस तास चालू राहील, एवढं खाली लिहा."

किती सोपं होतं! सभा खरंच होती, लांबतेही नेहमी, कोणी विचारलंही नसतं. मी 'बघते' म्हणून बाहेर आले. त्या संध्याकाळी करावेवालीला फोन केला तर ती म्हणाली, "लिवून टाक नं गो. त्याला काय हाय? खुर्ची भेटल्यावर पुढचं पुढे बघू." आपा इतकंच म्हणाली, "लिही. पण मग पुढच्या तिसऱ्या शनिवारी येऊ नको. चोरून जेवलेलं अंगी लागत नाही."

मला आपाचा राग आला. तिचं काय जातंय, ती कायम झालेली, दोन वर्षांत निवृत्त होईल, असं मनात म्हणून मी फोन ठेवला. रात्रभर नाही, पण पुढचे कितीतरी दिवस तो राग मी बरोबर घेऊन फिरले. परिपाठाला उभी असताना, पालकांशी बोलताना, पोळ्या लाटताना. आणि पोळ्या लाटतानाच मला आमचे आधीचे मुख्याध्यापक आठवले.

सर दुपारी एक ते दोन केबिनचं दार लावून झोपायचे. लपवाछपवी नाही, चक्क उशी होती कपाटात. बाहेर शिपाई स्टूल टाकून बसायचा आणि येणाऱ्याला सांगायचा, "सर आराम करतायत." येणारा निमूटपणे बाकावर बसायचा. आम्ही शिक्षिका कॉरिडॉरमधून चपला न वाजवता जायचो. इतक्या वर्षांत सरांकडे कोणी कधी खुलासा मागितला नव्हता. माणूस म्हटलं की आराम हा लागतोच, असंच सगळे धरून चालले होते. माझ्या हातातलं लाटणं थांबलं. मला खूप हसू आलं आणि मग असा संताप आला की पोळी तव्यावर करपून गेली.

मी खुलासा लिहिला नाही. बैठकीला तशीच गेले.

बैठकीत मला सोडलं तर सगळे पुरुष. अध्यक्ष वयस्कर, कानाला यंत्र लावलेले. चहा आला, इमारतीच्या गळतीचा विषय झाला, मग माझा. सचिवांनी घडलेलं सांगितलं, न वाढवता, न कमी करता. तेवढा सरळपणा त्यांच्यात आहे. मग म्हणाले, "मॅडमनी अजून खुलासा दिलेला नाही."

मी उभी राहिले. टेबलाला हात टेकला. म्हणाले, "खुलासा तोंडीच देते. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, सभा झाल्यावर, मी एक तास फोन बंद करून मैत्रिणींबरोबर जेवते. महिन्यातून एक तास. त्या तासात शाळा पर्यवेक्षिकांकडे असते. त्या दिवशी त्यांनी जे केलं, त्याहून वेगळं मी काही केलं नसतं. उलट मी फोनवर सगळ्यांना उत्तरं देत बसले असते आणि व्हॅनपाशी उशिरा पोहोचले असते."

एक जण म्हणाले, "पण मॅडम, मुख्याध्यापक म्हटला की तो कायम हजर हवा."

"आधीचे सर रोज तासभर झोपायचे, कपाटात उशी ठेवून," मी म्हणाले. "सचिवसाहेब, तुम्ही एकदा आला होतात, भर उन्हातून. शिपायाने तुम्हाला सांगितलं, सर आराम करतायत. तुम्ही बाकावर बसलात. चहा मीच आणून दिला होता तुम्हाला. तुम्ही मला काय म्हणालात, आठवतं? म्हणालात, असू दे, दिवसभर राबतो माणूस."

अध्यक्षांनी कानातलं यंत्र नीट केलं आणि विचारलं, "काय म्हणाल्या?" शेजारच्याने त्यांना सगळं मोठ्याने परत सांगितलं, उशीसकट. अध्यक्ष इतके हसले की त्यांना ठसका लागला. सचिव हसले नाहीत. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"फोन चोवीस तास चालू ठेवीन असं मी लिहून देणार नाही," मी म्हणाले. "मला ही शाळा निवृत्त होईपर्यंत चालवायचीय. मध्येच खुर्चीतून घसरून पडायचं नाही. तो तास राहील. तुम्हाला चालत नसेल, तर मला कायम करू नका."

शेवटचं वाक्य तोंडून निघून गेलं. पण मागे घेतलं नाही. निर्णय झाला तो असा की विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. अजून मी प्रभारीच आहे. पाटीवरचा शब्द तसाच आहे. सकाळी केबिनमध्ये शिरताना तो दिसतो आणि टोचतो, हे खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मी एक सूचना छापून कार्यालयाच्या काचेवर लावली. 'दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी सभेनंतर एक तास मुख्याध्यापिका जेवणासाठी बाहेर असतील. काम पर्यवेक्षिकांना सांगावे.' पर्यवेक्षिकेने ती वाचली आणि घाबरून माझ्याकडे आली. "मॅडम, हे असं उघड?"

"उघडच," मी म्हणाले. "आणि दुसरा शनिवार तुझा. तेव्हा फोन मी उचलीन. तुझी बाटली बघू."

तिने पाठीमागून बाटली पुढे केली. गळ्यापर्यंत भरलेली होती. मी झाकण उघडून तिच्या हातात दिली आणि ती संपवेपर्यंत समोर बसून राहिले. दाराशी कोणीतरी 'एकच मिनिट' म्हणालं, त्याला मी थांबायला सांगितलं.

मग पुढचा तिसरा शनिवार आला. मी करावेला पोहोचले तर आपा आधीच पडवीत बसलेली. तिला मी महिनाभर फोन केला नव्हता. तिनेही केला नव्हता. तिने पिशवी उघडून माझ्यापुढे धरली, माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "पाणी प्यायलीस का?" मला एकदम रडू आलं. करावेवाली ओरडली, "अगो रडते काय, आधी जेव, मंग रड." मी रडत रडतच जेवले. बोंबील ताजे होते.

तास संपला. गाठ सुटली. फोन चालू करून मी आधी सचिवांचं नाव शोधलं, कारण त्यांचा स्वभाव मला माहीत होता. ते परीक्षा घेतल्याशिवाय राहणार नाहीत. पण माझ्या फोनवर त्यांचा एकही कॉल नव्हता. पर्यवेक्षिकेचा मात्र होता, नुकताच आलेला. मी लावला.

"मॅडम, झालं का जेवण?" तिचा आवाज धाप लागल्यासारखा होता. "सचिवसाहेबांचा फोन आलेला, शाळेच्या फोनवर. मॅडम कुठेत म्हणाले."

मी पिशवीची नाडी मुठीत धरली. "तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, मॅडम जेवतायत सर. काम सांगा."

"मग?"

"म्हणाले, जेवतायत? मला वाटलं आता ओरडणार. मग सांगितलं त्यांनी काम," ती म्हणाली. "आणि मॅडम, ते झालंसुद्धा."